आधी सेन्सरची जागा, मग नळी

हे पुस्तक चाळणाऱ्याला त्याचा क्रम उलटा वाटेल. हेडर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा, बसवण्याचं पुस्तक म्हटलं की सुरुवात नळीपासून हवी: तिचा व्यास, तिची वळणं, वेल्डिंग, पॅकिंग. इथे पहिली दोन प्रकरणं ऑक्सिजन सेन्सरच्या जागेला दिली आहेत आणि नळीला हात लागतो तो तिसऱ्या प्रकरणात. हा क्रम मी विचार करून ठेवला आहे. गाडीत मुळात नसलेलं इंजिन बसवताना हेडर जागेवर गेला, बोल्ट आवळले, इंजिन चालू झालं, की काम संपलं असं बहुतेकांना वाटतं. खरं तर तेव्हा निम्मं काम उरलेलं असतं. ते सोपं जाणार की जिवावर येणार, हे नळी कापतानाच ठरून गेलेलं असतं.

मी हे शिकलो ते मिशिगनमध्ये. डेट्रॉइटच्या आसपास वाहन उद्योगात नोकरी करणारी मराठी माणसं पुष्कळ आहेत, त्यांतलाच मी एक. शेजारच्या गृहस्थांकडे १९७२ सालची शेव्हर्ले नोव्हा होती. तिचं मूळ इंजिन थकलं होतं आणि त्या जागी त्यांना एलएस१ बसवायचं होतं. दर शनिवारी मी त्यांच्या गॅरेजात जात असे. या पुस्तकातली बहुतेक उदाहरणं त्या एका गाडीची आहेत, कारण तिच्यातला प्रत्येक बोल्ट मला हाताने माहीत आहे. न पाहिलेल्या दहा गाड्यांबद्दल लिहिण्यापेक्षा पाहिलेल्या एका गाडीबद्दल नीट लिहावं, असं मला वाटलं.

इंजिन बदलण्याची अमेरिकेतली परंपरा जुनी आहे. फोर्डने १९३२ साली व्ही-८ इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत आणलं आणि पोरांनी ते काढून आणखी हलक्या, आणखी जुन्या फोर्डमध्ये घालायला सुरुवात केली. १९५५ साली शेव्हर्लेचं छोटं व्ही-८ आलं आणि पुढची चार दशकं तेच या नादाचं मुख्य इंजिन राहिलं. त्यानंतर १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये एलएस१ आलं: ॲल्युमिनियमचा ब्लॉक, ५.७ लिटर, आकाराने आटोपशीर. पुढच्या वर्षी ते कॅमॅरो आणि फायरबर्डमध्ये बसलं. त्याच घराण्यातली लोखंडी ब्लॉकची ४.८, ५.३ आणि ६ लिटरची इंजिनं लाखो पिकअप ट्रकांतून गेली आणि काही वर्षांनी भंगाराच्या आवारात स्वस्तात मिळू लागली. आज अमेरिकेत जुन्या गाडीत नवं इंजिन घालायचं म्हटलं की पहिला विचार एलएसचा होतो.

जुनं छोटं व्ही-८ आणि एलएस यांच्यातला मोठा फरक अश्वशक्तीत नाही, धुराच्या वाटेत आहे. कार्बोरेटरच्या इंजिनाला धुराची वाट एकेरी होती. जळलेला वायू बाहेर गेला की इंजिनाचा त्याच्याशी संबंध संपला. मिश्रण बरोबर आहे की नाही हे माणूस ठरवायचा. प्लग काढून त्याचा रंग बघायचा, आवाज ऐकायचा, जेट बदलायचा. एलएसमध्ये हीच वाट दुहेरी आहे. वायू बाहेर जातो आणि त्याची बातमी परत येते. आत किती हवा शिरली हे मोजून संगणक पेट्रोलचा अंदाज बांधतो. तो अंदाज बरोबर होता का, याचा पडताळा मात्र त्याला एकाच ठिकाणी मिळतो, एक्झॉस्टच्या नळीत बसवलेल्या सेन्सरकडून. इंजिनाच्या आतलं ज्वलन संगणकाला दिसत नाही. सेन्सर सांगेल तेवढंच त्याचं ज्ञान.

म्हणून हेडर बनवणारा माणूस नुसती धुराची वाट बनवत नसतो. संगणक कशावर विश्वास ठेवणार हेही तोच ठरवत असतो. हे ज्याला पटलं त्याला पुढची सगळी प्रकरणं सोपी जातील.

सेन्सरची कल्पना विलक्षण सुंदर आहे आणि तिच्याबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून मला पुढे जाववत नाही. झिर्कोनियम ऑक्साइडमध्ये थोडं यिट्रियम ऑक्साइड मिसळून केलेली चिनी मातीसारखी एक छोटी टोपी, तिच्या आत बाहेरची हवा आणि बाहेरून धुराचा झोत. टोपी सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापली की तिच्यातून ऑक्सिजनचे आयन जाऊ शकतात. दोन बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जितकी तफावत, तितका विजेचा दाब. हे गणित जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडलं. याच नर्न्स्ट यांनी पुढे याच जातीच्या मिश्रणाची कांडी तापवून विजेचा दिवा केला होता. म्हणजे सेन्सरचं समीकरण आणि सेन्सरची माती, दोन्ही एकाच माणसाच्या हाताखालून गेली होती. ती मोटारीच्या नळीत पोचायला मात्र १९७६ उजाडावं लागलं. बॉशने बनवलेला हा सेन्सर व्होल्वोने कॅलिफोर्नियात विकायच्या गाड्यांत पहिल्यांदा घातला आणि त्या गाड्यांच्या तोंडावर ‘लाम्बडा सॉन्ड’ अशी पाटी अभिमानाने लावली.

पेट्रोलचं प्रमाण बरोबर म्हणजे एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा. या बिंदूला लाम्बडा १ म्हणतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धुरातल्या तीन प्रमुख विषारी वायूंना एकाच वेळी आवरतो तो याच बिंदूच्या अगदी जवळपास. साधा सेन्सर या बिंदूच्या एका बाजूला साधारण ०.९ व्होल्ट दाखवतो आणि दुसऱ्या बाजूला ०.१. मधली उडी इतकी उभी असते की त्याला फक्त ‘पेट्रोल जास्त’ किंवा ‘पेट्रोल कमी’ एवढंच सांगता येतं, किती ते नाही. संगणक या दोन शब्दांवरच सेकंदाला कित्येक वेळा पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. किती ते सांगणारा रुंद पल्ल्याचा सेन्सर १९९० च्या दशकात आला. ट्यूनिंगसाठी तो लागतोच, त्यामुळे हेडर करताना त्याच्याही जागेची सोय करावी असं मी सुचवतो. नंतर तिथे आट्यांचं बूच लावून टाकता येतं.

आता मुख्य अडचणीकडे. सेन्सर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल मोजत नाही. तो ऑक्सिजन कुठून आला हे त्याला कळत नाही. हेडरची पट्टी आणि सिलिंडर हेड यांच्यामधलं पॅकिंग कुठेतरी नीट दाबलं गेलं नाही असं समजा. आपल्याला वाटतं, धूर बाहेर गळेल, थोडा आवाज येईल, बाकी काय? पण नळीत दाब सतत नसतो. एक झोत पुढे गेला की त्याच्या मागे क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो आणि त्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो. तो म्हणतो, पेट्रोल कमी पडतंय. संगणक पेट्रोल वाढवतो. इंजिन जास्त पेट्रोल पिऊ लागतं, प्लग काळे पडतात, पण सेन्सरला अजूनही ऑक्सिजन दिसतोच, कारण फट तिथेच आहे. गॅरेजवाला काळा प्लग बघतो आणि इंजेक्टर बदलतो. मग प्रेशर रेग्युलेटर बदलतो. दोष असतो एका सैल बोल्टात.

एकाच सिलिंडरचं मिसिंग होत असेल तरी हाच गोंधळ. न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही नळीत येतात. सेन्सर त्यातला ऑक्सिजन पकडतो आणि पेट्रोल वाया गेलेल्या इंजिनाला आणखी पेट्रोल द्यायला सांगतो.

नोव्हासारख्या गाडीत ही फट कुठे राहते हे मी डोळे मिटून सांगू शकतो. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, म्हणजे स्टेअरिंगचा दांडा इंजिनाच्या डाव्या बाजूने खाली उतरतो. एलएसमध्ये डाव्या रांगेत १, ३, ५, ७ हे सिलिंडर आणि सर्वांत मागे सातवा. त्याची नळी, स्टेअरिंगचा दांडा आणि चॅसी यांच्यामध्ये बोटभर जागा उरते आणि सातव्याच्या मागच्या बोल्टावर पाना धड बसत नाही. एम८ चा हा छोटा बोल्ट ॲल्युमिनियमच्या हेडात जातो. अंदाजाने आवळला तर आटे जातात, भीतीने सोडला तर फट राहते. म्हणून तिसऱ्या प्रकरणात मी नळीची वळणं सांगताना आधी पान्याची वाट आखली आहे. ज्या बोल्टावर पाना सरळ जात नाही असा हेडर कितीही देखणा असला तरी मी परत पाठवीन.

नोव्हाच्या बाबतीत चूक मात्र वेगळी झाली आणि ती माझ्या हातून झाली.

आम्ही लांब नळ्यांचे हेडर घेतले होते, पावणेदोन इंच व्यासाच्या चार नळ्या पुढे तीन इंचांच्या कलेक्टरमध्ये मिळणारे. सेन्सरची जागा कलेक्टरवर, म्हणजे मूळ जागेपेक्षा बरीच मागे. इंजिनाच्या वायरिंगची लांबी तिथवर पुरत नव्हती, म्हणून दोन्ही बाजूंना जोडवायर लावल्या. कारखान्यातून आलेल्या वायरिंगला एक शहाणपण असतं, डावी वायर उजवीकडे पोचतच नाही. जोडवायरीने ते शहाणपण काढून घेतलं. गिअरबॉक्सखालून वायरी नेताना मी त्यांची अदलाबदल केली आणि दोन्ही कनेक्टर सारखेच असल्यामुळे ते खटकन बसले.

इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. थंड असताना संगणक सेन्सरकडे बघतच नाही, त्यामुळे मिनिटभर सगळं सुरेख होतं. मग सेन्सर तापले आणि इंजिन थरथरू लागलं. डाव्या रांगेत किंचित पेट्रोल कमी होतं. ते ज्या सेन्सरला दिसलं त्याची वायर उजव्या रांगेची होती. संगणकाने उजवीकडे पेट्रोल वाढवलं. उजवीकडे पेट्रोल जास्त झालं. ती बातमी डाव्याच्या नावाने गेली आणि संगणकाने डावीकडचं आणखी कापलं. प्रत्येक दुरुस्ती चूक वाढवत होती. शेवटी दुरुस्तीची मर्यादा आली तेव्हा डावे चारही प्लग पांढरेफटक आणि उजवे चार काजळीने माखलेले होते. आम्ही दोन महिने इंजेक्टर, कॉइल, पेट्रोलचा पंप, हवा मोजणारा सेन्सर यांच्यामागे लागलो. शेजाऱ्यांनी एकदाही आवाज चढवला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

अखेर एका शनिवारी डाव्या हेडरवरच्या सेन्सरचा कनेक्टर उपसला आणि संगणकाला जोडलेल्या पडद्यावर उजव्या रांगेचा आकडा मेला. दोन मिनिटांची तपासणी. ती पहिल्या दिवशी का केली नाही याचं उत्तर माझ्याकडे एवढंच आहे की मी हेडरला लोखंडकाम समजत होतो आणि सेन्सरला विजेचं काम, आणि दोन्ही कामं वेगवेगळ्या शनिवारी केली होती.

लांब नळीचा आणखी एक परिणाम असा की बातमी उशिरा आणि मिसळून पोचते. एलएसची फायरिंग ऑर्डर १-८-७-२-६-५-४-३. डाव्या रांगेतले स्फोट मोजा: १, ७, ५, ३. क्रँकच्या फिरण्यात त्यांच्यामधली अंतरं १८०, २७०, १८० आणि ९० अंश पडतात. म्हणजे तिसरा आणि पहिला एकामागोमाग एक, जवळजवळ एकमेकांच्या पाठीवर झोत टाकतात आणि सातव्या-पाचव्यामध्ये मोठी पोकळी राहते. व्ही-८ चा तो प्रसिद्ध गुरगुरता आवाज याच असमान अंतरांमधून येतो. ऐकायला गोड, पण कलेक्टरच्या तोंडाशी हे चार झोत अजून वेगवेगळे वाहत असतात. सेन्सर तिथे एका नळीच्या समोर टोचला तर तो त्या एकाच सिलिंडरची कहाणी सांगत बसतो. थोडं पुढे, जिथे चारही प्रवाह एकत्र मिसळले आहेत, तिथे त्याची जागा. फार पुढे नेला तर तो थंड पडतो आणि बातमी शिळी होते. हे अंतर इंचांत सांगणारा एकच आकडा मी दिलेला नाही. दुसऱ्या प्रकरणात जागा शोधण्याची पद्धत दिली आहे, कारण प्रत्येक गाडीची चॅसी आणि गिअरबॉक्स आपापली अट घालतात.

बाकीच्या गोष्टी कमी बोलण्याच्या आहेत, पण टाळण्यासारख्या नाहीत. सेन्सर आडव्यापासून निदान १० अंश वर उचललेला असावा, टोक खाली आणि वायर वर. थंडीत नळीत पाणी साचतं आणि तापलेल्या मातीच्या टोपीवर एक थेंब पडला तरी ती तडकते. आटे एम१८ चे, १.५ पिचचे, २२ मिलिमीटरचा पाना फिरेल एवढी मोकळी जागा आसपास हवी. सिलिकॉनचं साधं सीलंट एक्झॉस्टच्या वाटेवर कुठेही नको, त्याची वाफ सेन्सरला मारते. जोडवायर लावताना कनेक्टरमध्ये ग्रीस भरू नका आणि सेन्सरच्याच वायरीला डाग देऊ नका. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्या वायरीच्या तारांमधूनच आत जाते.

आकड्यांबद्दल एक सूचना, विशेषतः महाराष्ट्रातल्या वाचकांना. १४.७ हे शुद्ध पेट्रोलचं प्रमाण आहे. आपल्याकडे पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याचं बरोबर प्रमाण साधारण १३.५ च्या आसपास येतं. सेन्सरला याने काही फरक पडत नाही, तो लाम्बडाच ओळखतो. फरक आपल्या डोक्यात पडतो. म्हणून या पुस्तकात सगळीकडे लाम्बडा वापरला आहे.

कायद्याचं वेगळं प्रकरण केलेलं नाही, पण तो बाजूला ठेवता येत नाही. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धुराची नियमित तपासणी नाही. त्यानंतरच्या गाडीत इंजिन बदलायचं तर ते गाडीच्याच सालचं किंवा नंतरचं हवं आणि त्याच्याबरोबर आलेले सगळे सेन्सर, कन्व्हर्टर जागेवर हवेत. सरकारने नेमलेला तपासनीस ते एकेक करून बघतो. जनरल मोटर्सने कन्व्हर्टर आणि सेन्सरसकट जोडलेलं ई-रॉड नावाचं इंजिन बाजारात आणलं ते याचसाठी. कन्व्हर्टरच्या मागचे दोन सेन्सर संगणकात बंद करून टाकायची युक्ती अनेक जण सांगतात. ती मी या पुस्तकात दिलेली नाही. मागचा सेन्सर कन्व्हर्टरवर पहारा ठेवतो, आणि रस्त्यावरच्या गाडीत तो पहारा उठवणं मला मान्य नाही. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणाऱ्या फेरफाराला मनाई करतं आणि इंजिन बदलायला परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. पाना हातात घ्यायच्या आधी तिकडे जाऊन या.

मग हे पुस्तक मराठीत कशाला, असं मला विचारलं गेलं. माझ्या डोळ्यांसमोर पुण्यातली अभियांत्रिकीची मुलं आहेत. फॉर्म्युला स्टुडंटच्या स्पर्धेसाठी ती स्वतःच्या हाताने चॅसी वेल्ड करतात आणि तिच्यात मोटरसायकलचं इंजिन बसवतात, पुष्कळदा चाकणला बनलेलं केटीएमचं ३७३ सीसीचं एक सिलिंडर. स्पर्धेच्या नियमाने हवा २० मिलिमीटरच्या तोंडातूनच आत घ्यावी लागते, त्यामुळे कारखान्याचं पेट्रोलचं गणित तिथे चालत नाही; सगळं नव्याने, सेन्सर बघून बसवावं लागतं. गाडी छोटी, एक्झॉस्ट आखूड. एका सिलिंडरच्या इंजिनात दोन झोतांमधली पोकळी फार मोठी असते आणि कमी वेगाला नळीच्या तोंडातून बाहेरची हवा मागे ओढली जाते. सेन्सर शेपटाकडे बसवला असेल तर तो ती हवा मोजतो आणि मुलं रात्रभर चुकीच्या दिशेने पेट्रोल वाढवत बसतात. नोव्हाच्या सातव्या सिलिंडरची फट आणि या गाडीचं उघडं तोंड, दोन्हीकडे दोष एकच आहे. हे त्यांना त्यांच्या भाषेत, स्पर्धेच्या आदल्या रात्रीऐवजी चॅसी आखतानाच कळावं, यासाठी मी हे लिहिलं.

पहिल्या प्रकरणाला सुरुवात करण्याआधी एक जुना, निकामी ऑक्सिजन सेन्सर मिळवून ठेवा. भंगारवाल्याकडे तो मिळेल. हेडरच्या नळ्या टॅक मारून जुळवताना तो जागेवर लावून ठेवायचा आहे, म्हणजे त्याची लांबी, वायरीचं वळण आणि पान्याची वाट रिकाम्या हवेत न आखता प्रत्यक्ष दिसेल. आट्यांचा गोल तुकडा नळीवर पक्का वेल्ड करतानाही तोच आत फिरवून ठेवा, उष्णतेने आटे वाकडे होणार नाहीत. वेल्डिंगच्या आधी संगणकाचे कनेक्टर आणि बॅटरी काढायला विसरू नका. नवा सेन्सर तोपर्यंत डब्यातच राहू द्या.